मूठ लावलेला संगणक

घरातल्या वस्तूंकडे एकदा त्यांच्या मुठीच्या दृष्टीने पाहा. बादलीला कडी असते, कंदिलाला कडी असते, जुन्या हातशिलाई यंत्राच्या लाकडी पेटीला वर मूठ असते. पाट्याला मात्र मूठ नसते. जात्याला खुंटा असतो, पण तो जाते उचलण्यासाठी नव्हे. वस्तूला मूठ लावली, की तिच्या कर्त्याने आपल्याला एक शब्द दिला असे समजावे : ही वस्तू एका जागी बसून राहणार नाही, तुम्ही न्याल तिकडे येईल! तो शब्द कितपत खरा, हे वस्तू उचलल्यावरच कळते. शिलाई यंत्राची पेटी ज्यांनी माजघरातून माडीवर नेली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे एच. पी., या अमेरिकन कंपनीने टेबलावरच्या संगणकालाच अशी मूठ लावली. या नमुन्याचे नाव ‘एन्व्ही मूव्ह’. दिसायला तो दूरचित्रवाणीच्या चपट्या पडद्यासारखा. पडद्याचा कर्ण २३.८ इंच. संगणकाची सारी यंत्रणा पडद्याच्या पाठीशीच बसवलेली, म्हणून वेगळी पेटी नाही. पडद्याला बोट लावले की त्याला कळते. आत बॅटरी आहे, म्हणून तार लावून ठेवायची सक्ती नाही. पाठीमागे एक कप्पा आहे, त्यात कळफलक सरकवून ठेवता येतो. आणि गंमत म्हणजे त्याचे पाय! संगणक टेबलावर टेकवला की ते आपोआप बाहेर येतात. मूठ धरून उचलला की आपोआप आत जातात. वजन ४.१ किलो. अमेरिकेत तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ९०० डॉलरच्या आसपासपासून सुरू होत होती.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या चार खोल्यांच्या शाळेला कुणा माजी विद्यार्थ्याने एकाच संगणकापुरते पैसे दिले आहेत. कुणी म्हणते, नेहमीचा टेबलावरचा घ्या. कुणी म्हणते, मांडीवरचा, म्हणजे लॅपटॉप, घ्या. आणि कुणी म्हणते, हा मुठीचा घ्या. सकाळी पाचवीच्या वर्गात, दुपारी सातवीच्या. मुख्याध्यापकबाईंनी तुम्हालाच विचारले, तर काय सांगाल? पैसे एकदाच मिळाले आहेत. चूक झाली तर पुढची पाच-सहा वर्षे ती टेबलावर बसून आपल्याकडे पाहत राहील! तेव्हा नीट तोलून पाहू. तोलून म्हणजे अगदी किलो आणि सेंटिमीटर घेऊन.

मूठ जुनीच आहे

संगणकाला मूठ लावण्याची हौस आजची नाही. १९७५ साली आय. बी. एम. कंपनीने ‘५१००’ नावाचा संगणक ‘सुवाह्य’ म्हणून विकायला काढला. त्याचा पडदा होता पाच इंचांचा आणि वजन २० किलोंहून अधिक. गव्हाचे लहान पोते म्हणा ना! १९८१ मध्ये ‘ऑस्बोर्न १’ आला. तो शिलाई यंत्राएवढा होता, मिटवला की पेटीसारखा दिसे आणि त्याला मूठ होती. वजन सुमारे ११ किलो, पडदा पुन्हा पाचच इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. आत बॅटरी नव्हती, म्हणजे तो नेता येई, पण नेला त्या ठिकाणी भिंतीत विजेचे छिद्र हवेच. त्याचे कर्ते अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवन्नामलै येथे गेले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

१९८४ च्या मॅकिंटॉशला डोक्यावर हात घालण्यासाठी खोबण होती. वजन साडेसात किलोंच्या घरात. १९९८ चा रंगीत, पारदर्शक ‘आयमॅक’ तर १७ किलोंचा, आणि तरीही त्याला मूठ! ती रोज उचलण्यासाठी नव्हतीच. संगणकाला हात लावायला घाबरू नका, हे सांगण्यासाठी ती होती. म्हणजे पाहा, मूठ तीच, पण तिचा अर्थ दर वेळी निराळा.

पुढे पडदे चपटे झाले, लिथियम-आयन बॅटऱ्या स्वस्त झाल्या, आणि २०१२-१३ मध्ये या कल्पनेने पुन्हा उचल खाल्ली. सोनीचा ‘व्हायो टॅप २०’ हा वीस इंचांचा, सव्वापाच किलोंच्या आसपासचा. डेलचा ‘एक्स. पी. एस. १८’ साडेअठरा इंचांच्या जवळचा, पण अवघा २.२ किलोंचा. लेनोव्होचा ‘होरायझन’ २७ इंचांचा आणि आठ किलोंहून जड. हा शेवटचा टेबलावर सपाट आडवा ठेवता येई. त्याच्यासोबत खेळासाठी बिनतारी फासा मिळे. चौघांनी चार बाजूंनी बसायचे आणि पडद्यावर खेळ मांडायचा. कॅरमबोर्डच म्हणायचा, फक्त पावडर नको! हे सारे नमुने काही वर्षांतच बाजारातून दिसेनासे झाले. ते वाईट होते असे नाही. पण लोकांना त्यांची गरज वाटली नाही, ही गोष्ट नव्या नमुन्याचा विचार करताना विसरून चालणार नाही.

बोट पडद्याला कसे कळते?

काचेला बोट लावले, तर काचेच्या आत काय होते? पहिल्या यंत्रांपैकी एक १९६५ मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी सुचवले. विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या माणसाला घाईच्या वेळी कळा शोधत बसावे लागू नये, हा त्यांचा हेतू. १९७० च्या दशकात जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत बेंट स्टुम्प यांनी प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रण-कक्षासाठी असेच पडदे बनवले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षणयंत्रात वेगळीच युक्ती होती. पडद्यासमोर अदृश्य अवरक्त किरणांचे उभे-आडवे जाळे असे, १६ रांगा आणि १६ स्तंभांचे. मुलाने उत्तरावर बोट ठेवले की दोन किरण अडत आणि उत्तर कोणत्या चौकोनात आहे ते यंत्राला समजे. ह्यूलेट-पॅकार्डच्याच १९८३ च्या ‘एच. पी. १५०’ संगणकातही किरणांचे जाळे होते. त्याची किरणे पडद्याच्या चौकटीतल्या बारीक भोकांतून येत. भोकांत धूळ साचली की यंत्राची दृष्टी मंदावे. स्पर्शाचा संगणक आणि झटकणी यांची अशी जोडी चाळीस वर्षांपूर्वीच जमली होती!

आजचा पडदा मात्र किरणांवर चालत नाही. काचेखाली इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो. त्याच्या बारीक पट्ट्या उभ्या-आडव्या मांडलेल्या असतात. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात, तिथे एक चिमुकले धारित्र तयार होते, म्हणजे विजेचा अल्पसा भार साठवणारी जागा. तुमचे बोट ओलसर आणि क्षारयुक्त असल्यामुळे विजेचे वाहक आहे. ते जवळ आले की त्या जागेची विद्युत्धारिता किंचित बदलते. संगणक सेकंदाला कितीतरी वेळा प्रत्येक छेदबिंदू तपासत असतो. बदल कुठे झाला हे त्याला लगेच कळते. बोट दाबावे लागत नाही. नुसते टेकले तरी पुरते.

घरातल्या मोबाइलवर हे स्वतः पडताळून पाहा. पेन्सिलीच्या रबराने पडद्याला स्पर्श करा : काही होणार नाही. हातरुमालाच्या आठ घड्या बोटावर घेऊन स्पर्श करा : बहुधा काही होणार नाही. आता गाजराचा ताजा तुकडा हातात धरून त्याचे टोक टेकवा. गाजराला तुमच्याइतकाच मान मिळेल! पडद्यावर पाण्याचे दोन थेंब पडले असतील, तर तो गोंधळतो. पाणी हेही वाहक, आणि बोट कोणते व थेंब कोणता हे त्याला ओळखता येत नाही. पावसाळ्यात ओल्या हातांनी वर्गात येणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

बोट आणि माउस

स्पर्शाचा मोठा फायदा असा, की तो शिकवावा लागत नाही. पहिलीतल्या मुलाला माउस हलवला की बाण का हलतो, हे उमगायला वेळ लागतो. हात टेबलावर, नजर पडद्यावर. दोहोंची सांगड घालावी लागते. बोटाचे तसे नाही. जे हवे त्यावर बोट ठेवायचे, संपले. आजीलाही व्हिडिओवर नातवाशी बोलायला हिरवे वर्तुळ दाखवले की पुरते. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना कळफलक वापरता येत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या पडद्यावरची मोठी चित्रे ही खरोखरच सोय आहे. भूगोलाच्या तासाला कृष्णेचा उगम दाखवताना नकाशावर दोन बोटे फाकवून महाबळेश्वर जवळ आणणे, ही मजा माउसमध्ये नाही.

पण बोट जाड असते. किती जाड? हिशेब करू. २३.८ इंच कर्णाच्या या पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर येते. त्यावर आडव्या ओळीत २५६० ठिपके आहेत. म्हणजे एक ठिपका जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. तुमच्या बोटाचे टोक काचेला टेकते तेव्हा साधारण ८-९ मिलिमीटर जागा व्यापते, म्हणजे चाळीसहून अधिक ठिपके रुंद. एका स्पर्शाखाली हजाराहून जास्त ठिपके झाकले जातात! माउसच्या बाणाचे टोक मात्र एकाच ठिपक्यावर बसते. म्हणून चित्रात बारीक रेघ ओढायची असेल, तक्त्यातल्या अरुंद चौकोनात आकडा भरायचा असेल, तर बोट चाचपडते. शिवाय जिथे काम करायचे तीच जागा बोटाने झाकली जाते. सुईत दोरा अंगठ्याने ओवण्यासारखेच ते.

दुसरी अडचण हाताची. आता उठा आणि भिंतीसमोर उभे राहा. हात खांद्याच्या उंचीला समोर ताठ धरा आणि भिंतीवर एकेका ठिकाणी बोट टेकवत दोन मिनिटे घालवा. घड्याळ लावून, बरे का. दुसऱ्या मिनिटाला खांदा बोलू लागेल. का? तुमचे वजन ४० किलो असेल, तर एका हाताचे वजन सुमारे २ किलो भरते. हात ताठ केला की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर येतो. हे ओझे तोलणारा स्नायू मात्र खांद्याच्या सांध्यापासून फक्त तीनएक सेंटिमीटर अंतरावरून ओढतो. तरफेचा नियम लावा : २ गुणिले २५, भागिले ३. म्हणजे दोन किलोंचा हात तोलण्यासाठी स्नायूला सोळा-सतरा किलोंचे ओझे ओढण्याएवढा जोर लावावा लागतो. त्यातच, सतत ताणलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्त कमी पोहोचते आणि तो लवकर थकतो.

संगणकवाल्यांनी या दुखण्याला ‘गोरिलाचा हात’ असे नाव दिले आहे. अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये हेच कारण सांगून उभ्या पडद्याला स्पर्शाची सोय देण्यास नकार दिला होता. त्यांचे म्हणणे, स्पर्शाचा पडदा उभा नको, आडवा हवा. मला हे निम्मेच पटते. दिवसभर बोटाने काम करायचे असेल तर ते खरे. पण वर्गात फळ्यावर लिहिताना गुरुजींचाही हात उभाच असतो, आणि ते मधूनमधून खाली घेतात. स्पर्श हा मधूनमधून करायचा असेल तर गोरिला आड येत नाही. लांब निबंध लिहायचा असेल, तर कळफलक आणि माउस जवळ घ्यावेत. सुदैवाने या यंत्राबरोबर ते वापरता येतात.

याहून बारीक अडचण आहे डोळ्यांची. चोवीस इंचांचा पडदा डोळ्यांपासून साठ-सत्तर सेंटिमीटर दूर ठेवला तर सारा एका नजरेत मावतो. पण सहावीतल्या मुलाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत जेमतेम पंचावन्न-साठ सेंटिमीटर भरतो. डोळे म्हणतात, मागे सर. बोट म्हणते, पुढे ये. शेवटी मुले पुढेच सरकतात, हे तुम्ही पाहिले असेल. मोबाइल हाताच्या टप्प्यातच असतो म्हणून तिथे ही कुरबुर होत नाही. लॅपटॉपचा पडदाही लहान असल्याने तो जवळ चालतो. मोठा पडदा आणि स्पर्श यांची जोडी म्हणजे थोडेसे भांडणाऱ्या दोन भावंडांना एका बाकावर बसवणे होय.

बादलीत चार लिटर पाणी

चार किलो म्हणजे किती, हे वाचून कळायचे नाही. बादलीत चार लिटर पाणी घ्या, तेवढे झाले. उचलून शाळेच्या व्हरांड्यातून चालत जा. काहीच जड नाही! आता जिना चढा. अजूनही ठीक. आता तीच बादली एका हातात ठेवून दुसऱ्या हाताने कडी काढून दार उघडा. मग लक्षात येते, की प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, आकाराचाही आहे. अर्ध्या मीटरहून रुंद काचेची पाटी पायाशी लोंबकळत असताना दाराच्या चौकटीला, बाकाच्या कोपऱ्याला ती आपटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यास हा उत्तम. गल्लीच्या टोकाला मित्राकडे नेण्यास बरा. एस. टी.ने तालुक्याला नेण्यास मात्र मुळीच नाही. तिथे दीड किलोंचा लॅपटॉप पिशवीत घालून न्यावा.

मग लॅपटॉपच का नको? कारण पडद्याचे क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४ इंचांच्या लॅपटॉपशी तुलना करा : २३.८ भागिले १४ म्हणजे १.७, आणि त्याचा वर्ग २.८९. वजन पावणेतीनपट, पण पडदाही जवळजवळ तिप्पट! लॅपटॉपभोवती तिघे बसले की चौथ्याला मान वाकडी करावी लागते. या पडद्यासमोर दहा-बारा मुले सहज बसतात. एका संगणकावर वर्ग शिकवायचा असेल, तर ही गोष्ट फार मोलाची आहे.

उभा राहण्याविषयीही थोडे पाहू. पडद्याच्या वरच्या कडेला बोटाने ढकलले तर तो मागे कलंडेल का? समजा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या पायाच्या टोकापासून ८ सेंटिमीटर पुढे आहे. मग त्याला सावरणारे परिबल ४.१ गुणिले ८, म्हणजे सुमारे ३३. वरची कड ३० सेंटिमीटर उंचीवर धरली, तर ३३ भागिले ३०, म्हणजे एक किलोहून थोडा अधिक जोर लागला की यंत्र मागे जाईल. स्पर्शाला काही ग्रॅमचाच जोर लागतो, त्यामुळे नेहमीच्या वापरात भीती नाही. पण मागून कुणी धक्का दिला आणि पुढच्या मुलाने तोल सावरायला पडदाच धरला, तर? आणि गादीवर किंवा सतरंजीच्या घडीवर ठेवला, तर पाय रुततात आणि हा सारा हिशेब कोसळतो. सपाट, कठीण जागा हवी. शाळेतले डुगडुगणारे टेबल चालणार नाही. आधी त्याच्या पायाखाली कागदाची घडी घाला!

वीज गेली तर

बॅटरीची क्षमता ८३ वॅट-तास आहे आणि कंपनी म्हणते, ती चार तासांपर्यंत पुरते. ८३ ला ४ ने भागा : सरासरी २१ वॅट. म्हणजे एका मध्यम एल. ई. डी. नळीएवढी वीज. याच्या तुलनेत नेहमीचा टेबलावरचा संगणक आणि त्याचा पडदा मिळून ८०-१०० वॅट सहज घेतात. शाळा वर्षाला २०० दिवस, दिवसाला ६ तास धरली, तर हा वर्षात सुमारे २५ युनिट वीज खाईल. तो ९० वॅटचा खाईल १०८ युनिट. कमी खाण्याचे कारण, याचा ‘मेंदू’ लॅपटॉपमध्ये वापरतात त्याच जातीचा आहे. तो थंड डोक्याचा, पण जड कामात टेबलावरच्या दांडग्याच्या मागे पडणारा. निबंध, नकाशे, चित्रफिती, साधी आज्ञावली लिहिणे यांना तो भरपूर पुरतो.

वीज जाणाऱ्या गावात चार तासांची किंमत कुणाला सांगायला नको. नेहमीच्या संगणकाला यू. पी. एस. जोडला तरी तो दहा-पंधरा मिनिटेच श्वास रोखून धरतो, तेवढ्यात काम जपून ठेवायचे आणि बंद करायचे. हा मात्र तास पुरा करील. परंतु शाळेत आधीच इन्व्हर्टर असेल, तर या फायद्याचे वजन पारड्यातून काढून घ्या.

लॅपटॉप लहान बॅटरीवर आठ-दहा तास चालतात. मग हा चारच का? पुन्हा क्षेत्रफळ! या पडद्यांत स्वतःचा प्रकाश नसतो, मागे दिवे असतात, आणि त्या प्रकाशाचा फार थोडा भाग गाळण्यांतून पार होऊन आपल्यापर्यंत येतो. तेवढाच लख्ख पण तिप्पट मोठा पडदा म्हणजे तिप्पट प्रकाश. मग बॅटरीच दुप्पट करावी का? वजन तीन-चारशे ग्रॅमच वाढेल. पण १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी विमानातून न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि दुप्पट बॅटरी ती मर्यादा ओलांडते. किंमत वाढेल ती वेगळीच.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण जाहिरातीत ते नसते. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते. काहीशे वेळा भरली-रिकामी केली, की तिची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते आणि पुढे उतरतच जाते. उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, कायम तारेला लावून पूर्ण भरलेली ठेवली तर ती आणखी लवकर थकते. चार तासांचे तीन होतात, तीनाचे दोन. मूठ शाबूत राहते, पण तिने दिलेला शब्द पातळ होत जातो. बॅटरी संपली की हा संगणक म्हणजे ऑस्बोर्नच : नेता येतो, पण भिंतीत छिद्र हवे. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की बॅटरी बदलून मिळते का, कुठे, आणि केवढ्याला. गावापासून किती दूर जावे लागेल, हेही.

एकच अंग

सगळे एकत्र असणे ही सोय आहेच. तारांचे जंजाळ नाही, जागा कमी लागते, धूळ झटकायला एकच वस्तू. पण एकत्र कुटुंबात एक आजारी पडला की सारे घर अडते, तसे इथे होते. वेगळ्या पेटीचा संगणक बिघडला तर पेटी बदलतात आणि पडदा तोच ठेवतात; चांगला पडदा दोन-दोन पेट्यांना पुरून उरतो. स्मृती कमी पडली तर झाकण उघडून एक पट्टी आणखी खोचतात. इथे स्मृतीचे तुकडे बहुधा मूळ पट्टीवर डाख देऊन बसवलेले असतात, ते वाढवता येत नाहीत. घेतानाच पुरेशी स्मृती घ्यावी. काच फुटली तर स्पर्शाचा थर, पडदा आणि बहुतेक वेळा खिशातले सगळे पैसे एकदम जातात. काही नमुन्यांत बाहेरून चित्र आत घेण्याचे छिद्र असते. ते असेल तर म्हातारपणी त्याचा नुसता पडदा म्हणून उपयोग होतो. ते छिद्र आहे का, हे खोके उघडण्यापूर्वी पाहावे, कारण ‘बाहेर देण्याचे’ आणि ‘आत घेण्याचे’ छिद्र दिसायला अगदी सारखेच असते.

तर मुख्याध्यापकबाईंना काय सांगायचे? शाळेत संगणकाची वेगळी खोली असेल, कुलूप असेल, यंत्र हलणारच नसेल, तर मुठीचे पैसे देऊ नका. वेगळ्या पेटीचा घ्या, उरलेल्या पैशांत चांगले टेबल येईल. बाई प्रशिक्षणासाठी दर महिन्याला तालुक्याला यंत्र नेणार असतील, तर लॅपटॉप. पण खोल्या चार, शिक्षिका दोन, संगणक एकच, दुपारी वीज बेभरवशाची आणि समोर बसणारी मुले वीस, अशी शाळा असेल तर मी मुठीच्या बाजूने हात वर करीन. अट एकच : तो उचलून नेण्याचे काम आळीपाळीने दोघांवर सोपवा. एकाने संगणक धरायचा, दुसऱ्याने पुढे होऊन दारे उघडायची.

आणि दुकानात गेलात, तर यंत्र चालू करण्याआधी मूठ धरून एका हाताने उचला आणि दुसऱ्या हाताने दुकानाचे दार उघडून बाहेर पाऊल टाकून पाहा. दुकानदार धावत मागे येईल, तेव्हा आधी त्याला सांगून ठेवलेले बरे.